पण तू पाहिलास का?

दरवर्षी डिसेंबर लागला की माझा फोन वाजतो. पलीकडे कुठला तरी संपादक असतो आणि फर्माईश ठरलेली. ‘अवॉर्ड सीझन येतोय, मस्त प्रिव्ह्यू दे. कोण जिंकणार, कोणाचा पत्ता कट. परवापर्यंत!’ फ्रीलान्सर माणसाला ‘परवापर्यंत’ला नाही म्हणणं परवडत नाही. मी हो म्हणते, कोळगावच्या घरात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडते आणि दोन दिवसांत हॉलिवूडचं भविष्य सांगून मोकळी होते. कुडमुड्या जोशाची लेटेस्ट आवृत्ती म्हणा ना!

तुम्ही असले प्रिव्ह्यू वाचलेले असणार. कदाचित त्यांच्या भरवशावर ऑफिसात पैजाही लावल्या असणार. म्हणून आज धंद्याचं गुपित फोडते.

प्रिव्ह्यूला चार मसाले लागतात. पहिला, ‘बिचाऱ्याचं राहून गेलंय’. मार्टिन स्कॉर्सेसीला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळायला २००७ उजाडलं आणि लिओनार्दो डिकॅप्रिओला अभिनयाचं मिळायला २०१६. तोवर दरवर्षी आमचा एक परिच्छेद फुकटात निघायचा. दुसरा, ‘इतिहासात पहिल्यांदाच’. २०२० मध्ये ‘पॅरासाइट’ या कोरियन सिनेमानं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर नेलं, इंग्रजी नसलेल्या सिनेमानं पहिल्यांदाच. तिसरा, ‘छोटा सिनेमा, मोठी झेप’. यात आपण मराठी लोक एक्स्पर्ट. आणि चौथा, हमखास चालणारा, ‘गोड पोर’. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीत राष्ट्रीय पुरस्कार घ्यायला साडी नेसून गेलेली ‘नाळ २’ मधली चिमुरडी त्रिशा ठोसर आठवतेय? त्या वर्षी पुरस्कार मिळालेल्या पाच बालकलाकारांपैकी चार मराठी सिनेमांतले होते. तिघं ‘नाळ २’ मधले आणि एक ‘जिप्सी’ मधला.

आता गंमत बघा. या चारांपैकी एकाही मसाल्यासाठी सिनेमा पाहावा लागत नाही. ट्रेलर, इतरांचे रिव्ह्यू आणि नॉमिनेशनची यादी एवढ्यावर काम भागतं. माझं अनेक वर्षं भागलं. घरात हे फक्त आईनं ओळखलं. माझा लेख छापून आला की ती चष्मा लावून पूर्ण वाचते आणि एकच प्रश्न विचारते, ‘छान लिहिलंयस. पण तू पाहिलास का?’

हा प्रश्न आमच्या घरात जुना आहे. २००४ चा. मी तेव्हा सात वर्षांची. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ भारतातर्फे ऑस्करला निघाला होता. ‘श्यामची आई’ला १९५४ साली राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, त्यानंतर इतक्या वर्षांनी ‘श्वास’च्या रूपानं मराठी सिनेमा देशात पहिला आलेला. पण ऑस्करला नुसता सिनेमा पाठवून भागत नाही. अमेरिकेत शो लावा, जाहिराती द्या, मतदारांना थिएटरपर्यंत आणा. त्याला बख्खळ पैसा लागतो आणि तो निर्मात्यांकडे नव्हता. मग महाराष्ट्रानं आपल्याला जमतं ते केलं, वर्गणी काढली! आमच्या वर्गातही डबा फिरला. मी आईकडे दहा रुपये मागितले. तिनं विचारलं, ‘कशाला?’ म्हटलं, ‘श्वासला.’ ‘कसा आहे गं तो सिनेमा?’ ‘माहीत नाही, ऑस्करला चाललाय.’ ‘म्हणजे तू पाहिला नाहीस?’ तरी दहाची नोट दिली. बाबा तारापूर एमआयडीसीत शिफ्टला जायचे, त्या काळात घरातून दहा रुपये असे सहज सुटत नसत.

२००५ च्या जानेवारीत पाच नॉमिनेशन जाहीर झाली. त्यात ‘श्वास’ नव्हता. पुढे ऑस्कर गेलं स्पेनच्या ‘द सी इनसाइड’ला. आमच्या वर्गानं स्पेनशी कट्टी घेतली. माझे दहा रुपये बुडाले, हे दुःख मी कितीतरी दिवस बाळगून होते.

सिनेमा पाहिला पुढे कधीतरी टीव्हीवर, आईच्या शेजारी बसून. कोकणातले आजोबा नातवाला घेऊन शहरात येतात. मुलाला डोळ्यांचा कॅन्सर आहे, ऑपरेशननंतर तो वाचेल पण दिसणार नाही. आदल्या दिवशी अरुण नलावडेंचा तो म्हातारा पोराला हॉस्पिटलमधून बाहेर काढतो, जग दाखवायला. मी हमसून हमसून रडले. आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, ‘फिटले गं दहा रुपये.’

इतका धडा मिळूनही मी मोठी होऊन काय केलं? न पाहता लिहायला लागले.

२०२५ च्या जानेवारीत, ऐन अवॉर्ड सीझनमध्ये, अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला वर्ल्ड सिनेमा विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. मराठी सिनेमा, तोही तिथे! मी चार ओळी खरडल्या. ‘दोन तरुणांची धाडसी प्रेमकथा’ वगैरे. आईचा प्रश्न आलाच. मी वैतागले. ‘अगं, तो अमेरिकेत दाखवलाय, मी कशी पाहणार?’ ती म्हणाली, ‘मग धाडसी आहे हे तुला कोणी सांगितलं?’

सप्टेंबरमध्ये सिनेमा इकडे थिएटरला लागला. सोयीचा शो अंधेरीला मिळाला. आईला घेऊन पालघरहून डहाणू लोकल पकडली. मनात धाकधूक होती, आईसोबत असला सिनेमा म्हणजे काय होणार? पडद्यावर वडील गेलेला मुलगा होता. शहरातून गावी आलेला, दहा दिवसांच्या सुतकात अडकलेला, नातेवाइकांच्या ‘लग्न कधी करतोस’ला कंटाळलेला. आणि गावातला लहानपणीचा मित्र. कुणी आरडाओरडा करत नाही, कुणी भाषण ठोकत नाही. मुलाचं सगळं ठाऊक असलेली आई शांतपणे त्याच्या बाजूनं उभी असते. मला राहून राहून माझे बाबा दिसत होते. आजोबा गेले तेव्हा ते गावच्या ओटीवर असेच दहा दिवस बसले होते आणि मी त्यांच्याशी धड एक वाक्य बोलले नव्हते. प्रेमकथा होतीच, पण ‘धाडसी’ हा शब्द आठवून मला खुर्चीत चोरट्यासारखं झालं.

परतीच्या गाडीत विरार गेल्यावर गर्दी ओसरली. वैतरणेच्या पुलावर आई म्हणाली, ‘त्याची आई चांगली होती गं.’ थोड्या वेळानं म्हणाली, ‘बाबांनाही दाखवू.’ माझ्या चार ओळींबद्दल ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग एक बातमी नव्यानं आठवली आणि हसू आलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये खुद्द ऑस्करच्या अकॅडमीनं नियम जाहीर केला होता. शेवटच्या फेरीत ज्या विभागात मत द्यायचं, त्यातले नॉमिनेशन मिळालेले सगळे सिनेमे पाहिलेच पाहिजेत, नाहीतर त्या विभागात मत नाही. काही विभागांत अशी अट आधीही होती, आता सरसकट. १९२९ पासून पुरस्कार देणाऱ्या संस्थेला हे आत्ता सुचलं. माझ्या आईला २००४ मध्येच सुचलं होतं!

तेव्हा आता माझा प्रिव्ह्यू बदललाय. परदेशी सिनेमांच्या स्पर्धेत भारतातर्फे एकच सिनेमा जातो. ‘श्वास’नंतर २००९ मध्ये परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ गेला, २०१५ मध्ये चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’. पाचांत कुणीच पोचलं नाही. डिसेंबरमध्ये पंधरांची यादी येते, २०२५ मध्ये तिथवर नीरज घेवानचा ‘होमबाउंड’ पोचला. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तर नॉमिनेशन नसतातच, थेट विजेतेच जाहीर होतात. म्हणजे कोण जिंकणार हे सांगायला माझी गरज कधी नव्हतीच. मी आता यादी घेते आणि पाहायला मिळतील ते सिनेमे पाहते. काही ओटीटीवर, काही महोत्सवात, काही अंधेरीच्या शोला. पाहिला त्यावरच लिहिते. त्यामुळे लेख कमी होतात, मानधनही. संपादक म्हणतात, ‘भाकित तर दे!’ देते. पण समोर खरंखुरं लिहिते, ‘हे दोन पाहिलेले नाहीत.’

तुम्हीही ऑफिसची पैज लावण्याआधी त्या यादीतला निदान एक सिनेमा पाहून घ्या. पन्नास रुपये हरलात तरी फिटतील.

बाकी ऑस्करची सकाळ आमच्याकडे ठरलेली आहे. भारतात सोमवारची पहाट असते. बाबा नाइट शिफ्ट करून येतात, आई चहा टाकते, मी टीव्ही लावते. पडद्यावर पाच नावं येतात आणि मी तोंड उघडायच्या आत आई विचारते, ‘यातले किती पाहिलेस?’

‘तीन.’

‘मग दोघांबद्दल गप्प बस,’ ती म्हणते आणि कप पुढे करते.