कयाधूकाठचा समुद्र

युरोपविषयीची मराठी प्रवासवर्णने बहुधा पाण्यावर सुरू होतात. बोटीच्या काळातील तर विशेषच. धक्का सुटतो, निरोपाचे हात लहान होत जातात, एडन येते, सुएझ येते आणि मग पलीकडचा किनारा. पंडिता रमाबाईंचा ‘इंग्लंडचा प्रवास’ १८८३चा, पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ १९६०ची. काळ बदलला, प्रवासामागची कारणे बदलली. लेखक आणि वाचक यांच्यातील एक गृहीत मात्र फारसे बदलले नाही. समुद्र उभयतांच्या ओळखीचा आहे, अपूर्वाई आहे ती त्याच्या पलीकडची.

हिंगोलीत बसून ही पुस्तके वाचणाऱ्याला हे गृहीत लागू पडत नाही. आमची नदी कयाधू. उन्हाळ्यात तिच्या पात्रातून पायवाट जाते. मोठे पाणी म्हणजे पूर्णेवरचे सिद्धेश्वर धरण, पण त्यालाही पलीकडचा काठ असतो. मी पहिला समुद्र पाहिला तो वयाच्या तेविसाव्या वर्षी, नोकरीच्या मुलाखतीसाठी मुंबईस गेलो तेव्हा, गिरगाव चौपाटीवर. म्हणजे ज्या ठिकाणी पुस्तकातले प्रवासी स्वदेशाचा निरोप घेत, तेथेच माझा परदेश सुरू होत होता. माझ्या विद्यार्थ्यांची अवस्था याहून निराळी नव्हती. साठ जणांच्या वर्गात समुद्र पाहिलेली दोन-तीन मुले निघत.

अशा वर्गात मी अनेक वर्षे सावरकरांची ‘सागरास’ ही कविता शिकवली. कवितेची पार्श्वभूमी वाचकांना ठाऊक आहेच: १९०९ साल, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन, थोरले बंधू बाबाराव यांना त्याच वर्षी जन्मठेप झालेली, परतीची वाट बंद होत चाललेली. समुद्राने परत आणण्याचे वचन देऊन आपल्याला दूर नेले आणि फसवले, ही त्या कवितेतील तक्रार. ती समजावून सांगताना मी चेतनगुणोक्तीपर्यंत पोचलो होतो, तोच सेनगाव तालुक्यातील एका मुलाने विचारले, “सर, म्हणजे मुकादमासारखं का?” त्याचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. मुकादम उचल देतो, चार महिन्यांत परत आणून सोडतो म्हणतो, आणि मग हिशेब फिटत नाही. मी त्या कवितेवरील बऱ्याच समीक्षा वाचल्या आहेत. या प्रश्नाइतके तिच्या गाभ्याजवळ जाणारे वाक्य मला त्यांत आढळले नाही. त्या मुलाने समुद्र पाहिला नव्हता, आणि त्याचे काही अडलेही नव्हते.

निवृत्तीनंतर लंडनजवळ राहणाऱ्या पुतण्याच्या आग्रहाने दोन महिने तिकडे गेलो, तेव्हा पाहायच्या स्थळांच्या यादीत ब्रायटन पहिले होते. लंडनहून आगगाडीने साधारण तासाभराचे अंतर. त्याआधी लंडनमध्ये १०, किंग हेन्रीज रोड हे घर पाहून आलो होतो. डॉ. आंबेडकर १९२१-२२च्या सुमारास तेथे राहत. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते विकत घेतले. शांत, झाडांची गल्ली. तेथे फार वेळ थांबलो नाही, पण ते घर पुढच्या प्रवासात सोबत राहिले. पॅरिसविषयी लिहिण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. ते इतरांनी पुरेसे लिहिले आहे.

ब्रायटनच्या किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. गुळगुळीत, तपकिरी, मुठीएवढे. लाट मागे फिरते तेव्हा ते तिच्याबरोबर ओढले जातात आणि जो आवाज होतो त्याला ‘गाज’ म्हणता येत नाही. ती खळखळ आहे. पहिल्या पुरात कयाधूच्या पात्रातील दगड असे वाजतात. मराठी कवितेतील समुद्राची सारी शब्दकळा कोकण-मुंबईच्या वाळूवर घडलेली. तिचा येथे उपयोग होईना आणि नदीचा शब्द मात्र नेमका बसला, याची मला गंमत वाटली. डाव्या हाताला १८९९चा पॅलेस पिअर, विजेच्या पाळण्यांनी गजबजलेला. उजवीकडे पाण्यात उभा असलेला लोखंडी सांगाडा म्हणजे १८६६चा वेस्ट पिअर. १९७५ साली तो बंद झाला आणि २००३ साली जळाला. १९०९च्या त्या तरुणाने हे दोन्ही धक्के गजबजलेले पाहिले असणार. कविता ज्या सुट्टीच्या, बँडबाजाच्या गावात लिहिली गेली त्याचे तिच्यात काहीच उतरलेले नाही. उतरायला नकोच होते, असे माझे मत आहे.

त्या रात्री फोनवर आईने विचारले, “का रे बाबा, तिथलं पाणी बी खारंच हाय का?” खारेच आहे म्हटल्यावर ती म्हणाली, “मग एवढं लांब कशाला गेलास?”

गावात रॉयल पॅव्हेलियन आहे. जॉन नॅश या वास्तुशिल्पज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चौथ्या जॉर्जसाठी ते उभारले. बाहेरून घुमट आणि मिनार, दख्खनच्या माणसाला ओळखीचे वाटावेत असे. पहिल्या महायुद्धात, १९१४च्या अखेरीपासून, येथे फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांचे रुग्णालय होते. धर्म-जातींप्रमाणे वेगळी स्वयंपाकघरे होती. जे दगावले त्यांपैकी ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन गावाबाहेरच्या टेकडीवर झाले; तेथे संगमरवरी छत्री आहे, १९२१ साली उघडलेली. मुसलमान सैनिकांचे दफन वोकिंग येथे झाले. ‘सागरास’नंतर अवघ्या पाच वर्षांत त्याच किनाऱ्यावर शेकडो माणसे खाटांवर पडून परत जाण्याची वाट पाहत होती. त्यांनी पत्रे लिहिली किंवा लिहवून घेतली. सेन्सॉरच्या कचेरीने त्यांतील काहींची भाषांतरे जपली. एकाच किनाऱ्यावरची एक तळमळ पाठ्यपुस्तकात आली, दुसरी दफ्तरात गेली.

येथे हिंगोलीचा संबंध येतो. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या हैदराबाद कंटिंजंटची एक छावणी हिंगोलीस होती. आमच्याकडे रिसाला बाजार आहे. रिसाला म्हणजे घोडदळ, हे आता विद्यार्थ्यांना सांगावे लागते. १९०३ साली कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाली आणि तिच्या घोडदळातून विसावी डेक्कन हॉर्स ही पलटण झाली. तिच्यात शीख आणि जाटांबरोबर दख्खनी मुसलमान स्वारही होते. १९१४च्या शरद ऋतूत ती फ्रान्समध्ये उतरली, मार्सेय बंदरात. जुलै १९१६ मध्ये सोमच्या लढाईत तिने घोड्यावरून हल्ला चढवला. म्हणजे मराठवाड्यातून युरोपला गेलेली पहिली मोठी तुकडी लेखक-प्राध्यापकांची नव्हे, स्वारांची असावी.

म्हणून मार्सेयला गेलो. पॅरिसहून वेगवान गाडीने तीन-साडेतीन तास. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून याच बंदरात उडी घेतली, पोहून धक्का गाठला आणि पकडले गेले. प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेले व १९११ साली निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने शिक्षण अर्धवट सोडून निघालेले आंबेडकर येथूनच बोटीत चढले. वेगळ्या जहाजाने पाठवलेले त्यांचे ग्रंथ पाणतीराच्या हल्ल्यात बुडाले. त्यांच्या समुद्रावर कोणी कविता लिहिलेली मला ठाऊक नाही. एकच पाणी: एकाला ते आडवे आले, दुसऱ्याने ते दोनदा ओलांडून पदव्या आणल्या, आणि तिसऱ्यांना विचारलेच नव्हते.

भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नाहीच. जुन्या बंदराचे पाणी सकाळ-संध्याकाळ त्याच दगडाला लागून असते, धरणासारखे. काठावर सकाळी मासळी विकायला बसतात. मागच्या नोआय वस्तीत मसाल्यांची दुकाने आहेत. एका पोत्यात हळद दिसली. वसमतच्या बाजारात आयुष्य काढलेल्या घरातला माणूस हळदीपुढे थांबणारच. रंग फिका होता. कोणत्या गावची, हे विचारण्यापुरते फ्रेंच मला येत नव्हते.

शेवटच्या दिवशी शहराच्या दक्षिणेकडील माझार्ग येथील युद्धस्मशानभूमीत गेलो. तेथे हिंदी सैनिकांच्या कबरी आहेत, आणि ज्यांचे दहन झाले त्यांचे स्मारक. गवत कापलेले, दगड एका ओळीत. मी तासभर ओळी वाचत होतो. दगडावर क्रमांक असतो, हुद्दा असतो, नाव असते, पलटण असते, मृत्यूची तारीख असते. गाव नसते.