दमट हवेतला थर

स्फोटकाला प्रतिसाद देणारा पदार्थ प्रयोगशाळेत साधतो. पावसाळ्यात भाईंदरच्या फलाटावर बाकी सगळ्या वासांपुढे तो गप्प राहिला पाहिजे, ही खरी परीक्षा. मी हेच काम करते, आणि राहते मीरा रोडला. ११ जुलै २००६च्या संध्याकाळी अकरा मिनिटांत सात लोकलमध्ये स्फोट झाले; त्यांतला एक मीरा रोड-भाईंदरदरम्यान. ती तारीख आमच्याकडे कुणाला सांगावी लागत नाही.

टीएनटी या स्फोटकाच्या रेणूवरचे नायट्रो गट इलेक्ट्रॉन ओढतात. समोर इलेक्ट्रॉन सहज देणारा सेंद्रिय थर असेल, तर त्यातला प्रवाह बदलतो. आयआयटी मुंबईत व्ही. रामगोपाल राव आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये पीथ्रीएचटी या पॉलिमरमध्ये तांब्याचं पॉर्फिरिन मिसळून असा ट्रान्झिस्टर केला. रक्तातलं हीम आणि पानांतलं क्लोरोफिल याच पॉर्फिरिनच्या गोतावळ्यातले. मला याचं अजून अप्रूप वाटतं.

हातकाम मात्र नाजूक. द्रावणाचा थेंब चकतीवर टाकून ती गरगर फिरवायची. उरतो काही दशक नॅनोमीटरचा थर. द्रावक सावकाश उडाला की पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना लागून बसतात आणि थर जांभळट दिसतो. घाईत उडाला तर नारिंगी छटा राहते. उपकरण लावण्याआधीच डोळ्याला कळतं.

मग हवा येते. खाडीचा दमटपणा, उत्तनच्या मासळीच्या पाट्या, अत्तर, केसांचं तेल. पाण्याची वाफ थरात शिरली की प्रवाह सरकतो, आणि खोटा इशारा म्हणजे गर्दीच्या फलाटावर चेंगराचेंगरी. म्हणून मी दोन थर शेजारी ठेवते, एक पॉर्फिरिनशिवाय. दमटपणा दोघांना साधारण सारखाच छळतो; वजाबाकीत जे उरतं, तेवढ्यावरच विश्वास ठेवायचा.

आरडीएक्स हे दुसरं स्फोटक तरीही हाती लागत नाही. त्याची वाफ टीएनटीच्या मानाने सुमारे हजारपटीने विरळ. म्हणून तपासणीत बहुधा पिशवीचा बंद पुसून कण घेतात. आयआयटी मुंबईत वाढलेल्या कंपनीचा, २०२१मध्ये आलेला नॅनोस्निफर असे कण तपासून दहा सेकंदांच्या आत उत्तर देतो. विमानतळावर हे जमेल. पण संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये कुणाकुणाची पिशवी पुसणार? वाफेचा नाद मी सोडलेला नाही तो यासाठी. सध्या पॉर्फिरिनमध्ये तांब्याच्या जागी जस्त बसवून पाहते आहे, आणि चाचण्या मुद्दाम जुलैतच ठेवते.