चपलेचा वास

गेल्या फेब्रुवारीअखेरची गोष्ट. सोलापूरचे ऊन आणि अलंकारशास्त्र ही दोन्ही एकदम अंगावर घेण्याची पाळी बी. ए.च्या वर्गावर आली होती. मी 'अनन्वय' समजावून देत होतो. इतक्यात तिसऱ्या बाकावरच्या मुलीने एक विचित्र हुंकार दिला आणि ती खाली कोसळली. अंग ताठ झाले, मग आचके सुरू झाले, तोंडाला फेस आला. "सर, फिट आली! कांदा आणा! चप्पल द्या!" असा गलका उठला. आणि एम. ए. झालेल्या या प्राध्यापकाने काय केले असेल? मुकाट्याने पायातली चप्पल काढून पुढे केली!

"सर, चप्पल घाला तुम्ही," मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. तिची आई नर्स आहे. तिने बाके सरकवली, ओढणीची घडी करून मैत्रिणीच्या डोक्याखाली ठेवली, तिला कुशीवर वळवले आणि ती घड्याळ पाहत बसली. दातांत चमचा घालायला निघालेल्याला तिने दटावले. दीडएक मिनिटात सारे आपोआप थांबले. वास दिला असता, तर श्रेय चपलेला गेले असते. पिढ्यान्पिढ्या ते तसेच जात आले आहे.

संध्याकाळी एका डॉक्टर स्नेह्यांना गाठले. मेंदूतल्या पेशींचा कारभार विजेच्या सूक्ष्म संदेशांवर चालतो. त्यात एकाएकी गोंधळ उडाला की आकडी. लहान मुलांना, साधारण सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत, तापात येते. ती बहुधा निरुपद्रवी, तरी दाखवायला हवीच. डोक्याचा जुना मार, मेंदूज्वर, रक्तातली साखर उतरणे ही आणखी कारणे. शिवाय न धुतलेल्या भाजीतून फीतकृमीची अंडी पोटात जातात आणि त्यांच्या अळ्या मेंदूत जाऊन बसतात.

"आम्हां शाकाहारी लोकांच्याही?"

"मेथीच्या जुडीला तुमचा आहार कुठे ठाऊक असतो!"

आकडी पाच मिनिटांहून लांबली, शुद्ध न येता दुसरी आली, किंवा आयुष्यात पहिल्यांदाच आली, तर १०८ला फोन करावा. नियमित औषध घेतले तर दहांपैकी सातांच्या आकड्या थांबू शकतात. मात्र बरे वाटले म्हणून गोळ्या आपल्या मनाने सोडायच्या नाहीत.

त्या रात्री मला आत्या आठवली. लग्नात लपवलेले फेफरे उघड झाले आणि १९८५ साली ती तीन महिन्यांत माहेरी परत आली. १९७६च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे झटके ही विवाहाची आडकाठी ठरली होती; तो शब्द १९९९ साली वगळला गेला. आमच्या घरात त्या आजाराला नावच नव्हते, 'तिचे ते' म्हणत. अंगारे झाले, ताईत झाले. डॉक्टर मात्र नाही, कारण गावभर झाले असते. तिला स्टोव्हजवळ जाऊ देत नसत, ते शहाणपणाचेच होते. पण सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेलाही तिला कधी नेले नाही. आम्ही मुले परत आलो की ती प्रत्येकाला विचारायची, पाळण्यात बसलास का?

चार दिवसांनी त्या मुलीची आई स्टाफरूममध्ये आली. "सर, हे कुठं बोलू नका. उद्या पोरीचं जमवायचंय."

"मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलंत का?"

"तिथं ओळखीचं कुणी भेटलं म्हणजे?"

मी त्यांना आत्याची हकीकत सांगितली. ती मी घराबाहेर प्रथमच सांगत होतो. ऐकून त्या बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "सकाळी किती वाजता बसतात डॉक्टर?"