सात दात की आठ?

कोकणात घर आणि चार गुंठे वाडी असली की माणसाला नको त्या विषयांत गती येते. पंपाचा फूटव्हॉल्व का धरत नाही, माकडं कशाला घाबरत नाहीत, वगैरे. त्यातलाच एक विषय म्हणजे कटर. शहरात कटर म्हटलं की कागद कापायचं पातं डोळ्यांसमोर येतं. आमच्याकडे कटर म्हणजे पेट्रोलवर चालणारी, साखळीची करवत. २०२० साली ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, आंबे, फणस, माड, पोफळी आडव्या झाल्या, आणि त्यानंतरच्या दिवसांत या यंत्राचा आवाज आमच्या कानांना नेहमीचा झाला.

आमच्या वाडीत पावसाआधी फांद्या उतरवायला एक जण येतो. मी त्याला भाऊ म्हणतो, तो मला दादा म्हणतो. वयाने आम्ही जवळपास सारखेच. त्याचं कटर ५८ सीसीचं, २२ इंची बारचं. (बार म्हणजे ज्याच्या कडेने साखळी फिरते ती लांब पट्टी.) एकदा त्याचा फोन आला, "दादा, पुण्यास्नं येताना आठ दाती स्प्रॉकेट घेऊन या. माझं सात दाती हाय. आठ दाती टाकलं की मशीन पळतं म्हणतात."

भाऊ झाडाच्या नगावर पैसे घेतो. दिवसात दोन झाडं जास्त झाली तर घरात दोन पैसे जास्त येतात. त्यामुळे मशीन 'पळणं' ही त्याच्यासाठी हौस नव्हे. म्हणून मी दुकानात जायच्या आधी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

तर मंडळी, स्प्रॉकेट म्हणजे इंजिनाची ताकद साखळीला देणारं दातेरी चाक. मोटरसायकलचं चेनकिट बदललं असेल तर ओळखीचं वाटेल. पहिली गोष्ट, स्प्रॉकेटचं माप साखळीशी जुळलंच पाहिजे. साखळीचे लागोपाठ तीन रिव्हेट धरायचे, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि निम्मं करायचं. ते माप म्हणजे पिच. ते साधारण तीन सूत, म्हणजे ३/८ इंच असतं, किंवा त्याहून थोडं कमी, ०.३२५ इंच. अगदी मोठ्या मशीनला ०.४०४ इंच. एका पिचचं स्प्रॉकेट आणि दुसऱ्या पिचची साखळी हे लग्न टिकत नाही, दोघांचेही दात जातात. बारच्या टोकाला चाक असेल तर तेही त्याच पिचचं हवं.

आता दातांचं गणित. स्प्रॉकेटचा एक दात साखळीला दोन पिच पुढे नेतो. भाऊची साखळी ०.३२५ ची. सात दात म्हणजे एका फेऱ्याला ४.५५ इंच, आठ दात म्हणजे ५.२ इंच. इंजिन मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल तर साखळीचा वेग सात दातांवर सेकंदाला सुमारे १९ मीटर, आठ दातांवर २२ मीटर. म्हणजे १४ टक्के वेग वाढला. भाऊचं ऐकीव ज्ञान बरोबरच होतं!

पण इंजिन तेच. गिअरची सायकल घेऊन घाट चढलेल्यांना पुढचं सांगायला नको. सपाटीवर मोठा गिअर मजा आणतो, चढावर तोच छाती फोडतो, कारण पाय तेच असतात. आठ दातांवर साखळीची ओढ सातांच्या तुलनेत साडेबारा टक्क्यांनी कमी होते. वेग आणि ओढ मिळून पैसे तेवढेच, फक्त कुठल्या खिशात किती ठेवायचे ते स्प्रॉकेट ठरवतं.

म्हणून मोठं इंजिन, आखूड बार आणि मऊ लाकूड असेल तर आठ दाती शोभतं. ७० सीसीच्या पुढच्या दणकट मशीनवर पाइनसारखं लाकूड कापणारे ते आनंदाने लावतात. बार लांब, लाकूड कठीण, इंजिन मध्यम असेल तर सात. ३०-३५ सीसीच्या घरगुती मशीनला तर बऱ्याचदा कंपनीच सहा दाती देते.

बारच्या लांबीचा संबंध असा. नेहमीच्या ०.३२५ च्या साखळीत दर १.३ इंचाला एक धारेची कडी असते. २२ इंची बार पूर्ण लाकडात बुडाला तर एका वेळी सोळा-सतरा कड्या लाकूड ओरबाडत असतात. १८ इंचीला चौदाच्या आसपास. इंजिनाच्या भाकरीचे तेवढेच तुकडे करायचे, खाणारी तोंडं मात्र वाढवत जायची, असा प्रकार. भाऊच्या मशीनला २२ इंची बार आला तो दुकानात लांब दिसायला बरा म्हणून, असं माझं स्पष्ट मत आहे. चिंच आणि जुन्या फणसाच्या खोडाला दिखाऊपणा कळत नाही.

आणि एक गोष्ट मला वेगापेक्षा जास्त छळत होती. बारच्या टोकाचा वरचा भाग चुकून लाकडाला टेकला की कटर उसळून थेट माणसाच्या अंगावर येतं. वेग १४ टक्के वाढला की फिरत्या साखळीतली ऊर्जा ३० टक्क्यांच्या आसपास वाढते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. भाऊ हे काम स्लिपर घालून करतो. डोळ्यांवर काही नाही. त्या तीस टक्क्यांचं बिल कुणाच्या नावावर फाटणार?

गावी गेल्यावर मी त्याला म्हटलं, "भाऊ, आधी जुनं स्प्रॉकेट बघू." क्लच काढला (आटे उलटे असतात, बरं का). दातांवर साखळीने नखभर खाचा पाडल्या होत्या. साधारण अर्धा मिलिमीटर खाच म्हणजे स्प्रॉकेटचं आयुष्य संपलं. दोन साखळ्या झिजल्या की एक स्प्रॉकेट बदलावं, असा ठोकताळा आहे. झिजलेलं स्प्रॉकेट नवी साखळीही खराब करतं. मग साखळी पाहिली. भाऊने आदल्या दिवशी मातीत लोळलेला माड कापला होता. माडाचं खोड बाहेरून भलतं चिवट, त्यात माती. धार गेलेली. भुसा बघितला तर पीठ. धार असलेली साखळी पीठ पाडत नाही, तुकडे उडवते.

म्हणजे मशीन पळत नव्हतं ते दात कमी म्हणून नाही.

या कड्यांचीही एक गोष्ट आहे. १९४६ साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका बुंध्यात लाकूड पोखरणारी अळी बघत बसला. ती जबड्याने डावीकडे-उजवीकडे आलटून पालटून, रेषांच्या आडवी-उभी कशीही, बिनदिक्कत कुरतडत होती. त्यावरून त्याने साखळीच्या कड्या आलटून पालटून डाव्या-उजव्या केल्या. आज आपण वापरतो ती बहुतेक साखळी त्याच घराण्यातली. त्या अळीला घाई नव्हती. धार होती.

शेवटी भाऊने घेतलं ते असं : नवं सात दातीच स्प्रॉकेट, १८ इंची बार, त्याला जुळणाऱ्या दोन साखळ्या आणि एक गोल कानस. जाड खोडाला तो आता दोन्ही बाजूंनी कापतो. पेट्रोलची टाकी भरताना दर वेळी कानशीचे दोन-तीन हात. बूट मात्र अजून घेतलेले नाहीत. "पुढल्या मजुरीतनं घेतो दादा," म्हणाला.

मी त्याच्या पायाचं माप विचारून ठेवलंय. आठ नंबर.