दप्तर आणि धोकटी

फेब्रुवारी १८५५. अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला, उरलेला भाग मार्चमध्ये आला. लेखिका मुक्ता, म्हणजेच मुक्ता साळवे, ही मांग समाजातील सुमारे १४ वर्षांची मुलगी. फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत तिचे शिक्षण झाले होते अवघे तीन वर्षे.

निबंधातील वेदांविषयीचा युक्तिवाद अनेकांना ठाऊक असतो. वेद केवळ ब्राह्मणांचे, हा दावा ती मान्यच करते आणि विचारते, मग आमचा धर्मग्रंथ कोणता? त्यामानाने दुसऱ्या बाजीरावाविषयीचा मजकूर दुर्लक्षित राहिला आहे.

ती सांगते : कोणी महार-मांग वाचायला शिकल्याचे कळले, की बाजीराव विचारी, आता यांना दप्तराचे काम द्यायचे आणि ब्राह्मणांनी काखेत धोकटी मारून विधवांच्या हजामती करीत फिरायचे काय? धोकटी म्हणजे न्हाव्याची हत्यारांची पिशवी.

पेशवाई १८१८ मध्येच संपली होती. मुक्ताने ती पाहिलेली नाही. हे उद्गार तिने वडीलधाऱ्यांकडून ऐकले असावेत. तेव्हा बाजीरावाच्या तोंडचे शब्द म्हणून ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाहीत. मात्र ३७ वर्षांनंतरही एका वस्तीच्या स्मरणात नेमके काय उरले होते, याचा तो अस्सल पुरावा आहे. या टोमण्यात शास्त्राचा आधार नाही, अधिकाराची चर्चा नाही. आहे ती फक्त धास्ती : त्यांच्या हाती लेखणी गेली तर तुमच्या हाती वस्तरा येईल. एकाची अक्षरओळख म्हणजे दुसऱ्याच्या पोटावर पाय, असे पटवणारी ही भाषा दरबारात सहज हशा मिळवत असणार. जाता जाता न्हाव्याचाही अपमान उरकला जातो, तो वेगळाच.

मुक्ता या टोमण्याचे खंडन करीत बसत नाही. ती छप्पर नसलेल्या घरात, थंडीपावसात बाळंत होणाऱ्या स्त्रियांविषयी लिहिते. मांगांना हलके लेखणाऱ्या महारांनाही ती सोडत नाही. हा भाग उद्धृत करताना अनेकजण सोयीने गाळतात. शेवटी ती दोन्ही समाजांना ज्ञानाचे औषध घ्यायला सांगते. ज्यांना उद्देशून हे लिहिले, त्यांच्यापैकी फारच थोड्यांना तेव्हा तो अंक वाचता आला असता.

मुक्ताचे पुढे काय झाले, याची नोंद सापडत नाही. तिचे दुसरे लेखनही आज उपलब्ध नाही.