पनवेलची कुरकुरीत भेंडी

पनवेल बहुतेक मुंबईकरांनी पाहिलेले असते ते एस. टी.च्या खिडकीतून. पुण्याला जा, कोकणात उतरा, वाटेत पनवेल लागायचेच. पण तिथे मुद्दाम कोण उतरणार? पुढे 1973 साली ठाण्याच्या खाडीवर पूल झाला, 1998 साली लोकल इथवर आली आणि हे वाटेवरचे गाव मुंबईच्या अगदी दारात येऊन बसले. गाव तसे जुन्या खानदानाचे. नगरपालिका 1852 सालची; ती 2016 मध्ये महानगरपालिका झाली.

श्रावण-भाद्रपदात मात्र इथे अवश्य उतरावे आणि कर्नाळ्याच्या रस्त्याला लागावे. डोंगराकडच्या वाड्यांतून आलेल्या ठाकूर-कातकरी बायका कडेला टोपल्या मांडून बसतात. काकड्या, शिराळी, रानभाज्या आणि त्यांतच गावठी भेंडी! लांबलचक, फिकट हिरवी, अंगावर धारा जास्त. बाजारातल्या आखूड, गडद भेंडीला सरावलेल्या डोळ्यांना ती जून वाटते. खुशाल शेंडा मोडून पाहावा. कट्‌कन मोडला तर भेंडी कोवळी.

हिचा शेजार भातखाचरांचा. म्हणून तिचा साजही तांदळाच्या पिठाचा. इथल्या घरांत एरवी ज्या पिठात मासळी घोळून तळतात, तेच पीठ श्रावण पाळणाऱ्या घरात भेंडीच्या वाट्याला येते.

भेंडीची खोड एकच, तिचा बुळबुळीतपणा. तिच्यातला चीक पाणी लागले की फुगतो आणि आंबटाने सैल पडतो. एवढे ध्यानात ठेवले की निम्मे काम झाले. पाव किलो भेंडी अख्खीच धुवावी, फडक्याने अगदी कोरडी पुसावी आणि मगच बोटभर लांबीचे उभे काप करावेत. वाटीभर आंबट ताकात ते दहा मिनिटे घोळून निथळावेत. अर्धी वाटी तांदळाचे पीठ, दोन चमचे बारीक रवा, तिखट, हळद आणि हिंग एकत्र करावे. मीठ अगदी तळण्याच्या वेळी घालावे. आधी घातल्यास भेंडीला पाणी सुटते. काप पिठात घोळवून चांगल्या तापलेल्या तेलात थोडे थोडे सोडावेत. घाई करून कढई भरली, की तेल निवते आणि काप मऊ पडतात. हे काप वरणभाताबरोबर गरमच वाढावेत.

गंमत अशी, की अमेरिकेच्या दक्षिण भागातही हाच बेत रांधतात. आफ्रिकेतून धरून नेलेल्या गुलामांबरोबर ही भाजी तिकडे गेली. तिथे भेंडीच्या गोल चकत्या ताकात बुडवतात आणि मीठ-मिरपूड घातलेल्या मक्याच्या भरड पिठात घोळवून तळतात. ताक दोन्हीकडे, पीठ मात्र ज्याच्या त्याच्या शेतातले. घरी मक्याचे पीठ असेल तर एक घाणा तसाही काढून पाहावा. तो अधिक खरखरीत होतो, तांदळाचा हलका.

पण पनवेलचे शेत आता आक्रसत चालले आहे. 1970 नंतर नव्या मुंबईसाठी जमिनी गेल्या. उलव्याची टेकडी कापून आणि नदी वळवून बांधलेल्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झाले. तांदूळ काय, कुठूनही येईल. गावठी भेंडीचे बी मात्र वेलीवरच्या काकडीसारखे घरचेच असते. झाडावर एखाददुसरी शेंग वाळवून, पुढच्या पावसासाठी जपून ठेवलेले. परसू गेले, की ते जपणारा हातही गेला.

तेव्हा पुढच्या खेपेस टोपलीवाल्या मावशींशी पैशा-दोन पैशांची घासाघीस करू नये. उलट, वाळकी शेंग असेल तर तीही मागावी. पावसाच्या तोंडावर चार बिया गॅलरीतल्या कुंडीत टाकल्या, तर मुलांना रोप वाढताना दिसेल आणि श्रावणात निदान एक घाणा तरी घरच्या भेंडीचा निघेल.