सावलीतले पीक : चिखलदऱ्याचे चार दिवस

इंदूरच्या मराठी घरात चहा हा घरचा माणूस आहे आणि कॉफी ही पाहुणी. चहा दिवसातून चार वेळा येतो, त्याचे कुणाला कौतुक नसते. कॉफी येते ती कोजागरीच्या रात्री, गाण्याच्या बैठकीच्या मध्यंतरात किंवा लग्नघरच्या जागरणात, आणि येताना जायफळाचा वास बरोबर घेऊन येते. ही पाहुणी आपल्या महाराष्ट्रातही पिकते, आणि तीही नर्मदा ओलांडून एका दिवसात पोहोचता येईल अशा सातपुड्याच्या माथ्यावर, हे आम्हां उभयतांना ठाऊक होते. पण प्रत्यक्ष दर्शनाचा योग येण्यास तीस वर्षे लागली.

तीस वर्षे म्हणण्यास कारण आहे. आमच्या सौ.चे माहेर वऱ्हाडातले, अचलपूरचे. त्या घराच्या गच्चीवरून उत्तरेला गाविलगडाची निळी रांग दिसे. दर उन्हाळ्यात तेथे गेलो की चिखलदऱ्यास जाण्याचा बेत ठरे, आणि दर उन्हाळ्यात उत्तरपत्रिका, शाळेचे प्रवेश, नाहीतर निवडणुकीची नेमणूक आडवी येई. पुढे माहेरची वडील माणसे गेली, घर विकले गेले. गेल्या नाताळच्या सुट्टीत सौ. म्हणाली, "गच्ची तर गेली. आता डोंगर तरी पाहून येऊ." यावर मुख्याध्यापकाला सुचणारी सगळी उत्तरे आम्ही प्रथमच गिळली आणि सामान बांधले.

इंदूरहून सिमरोळचा घाट उतरून मोरटक्क्याला नर्मदेचा पूल ओलांडला. खंडव्याला थांबून पुढे धारणीची वाट धरली. धारणी म्हणजे अमरावती जिल्हा. दुकानांच्या पाट्या येथे मराठी होतात, पण रस्त्यावरची माणसे बदलत नाहीत. खंडव्याकडच्या रानात राहणारे कोरकू बांधव येथेही तेच आहेत. त्यांची भाषा मराठीच्या कुळातली नाही आणि हिंदीच्याही नाही. ती मुंडा कुळातली, आपल्या भाषांहून अगदी निराळी. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा मराठीची सीमा एका बाजूने आखली गेली आणि हिंदीची दुसऱ्या बाजूने. कोरकूंचे रान मधोमध दुभागले गेले. इंदूरला राहून मराठी जपणाऱ्या आमच्यासारख्यांना हे कळायला हवे होते, पण ते वाटेवरच कळले.

हरिसाल आणि सेमाडोहवरून वाट मेळघाटाच्या सागवानातून जाते. येथील व्याघ्रप्रकल्प देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. सिपना नदी दगडांतून वाहत होती. वाघ दिसला नाही, आणि आम्ही त्याला शोधलेही नाही. 'दिवसाकाठी एकच गोष्ट पाहायची' हा सौ.ने घातलेला नियम होता, आणि त्या दिवसाची गोष्ट रस्ता हीच होती.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवर आहे. भीमाने कीचकाला मारून येथल्या दरीत लोटले, म्हणून हा 'कीचकदरा', असे लोक सांगतात आणि भीमकुंड दाखवतात. इंग्रजांना हे पठार १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सनच्या रूपाने गवसले आणि वऱ्हाडातले साहेब उन्हाळ्यात येथे येऊ लागले. कॉफीची झाडे येथे आली ती त्याच अमदानीत. भारतात कॉफी येण्याची कथा त्याहून पुष्कळ जुनी आहे. बाबा बुडन या फकिराने येमेनमधून सात बिया लपवून आणून कर्नाटकात चंद्रगिरीच्या डोंगरावर रुजवल्या, असे सांगतात. आजही देशातली बहुतेक कॉफी कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडू येथलीच. त्यांच्यापुढे चिखलदऱ्याचे पीक ओंजळभर.

दुसऱ्या दिवशी ही ओंजळ पाहायला गेलो. मळा म्हणावा तर ते रानच वाटते. वर उंच झाडे, आणि त्यांच्या सावलीत माणसाच्या उंचीची, चकचकीत गडद पानांची झुडपे. फांदीला बिलगून फळांचे घोस, त्यातली काही हिरवी, काही पिवळसर, काही कुंकवासारखी लाल. एक वयस्क राखणदार भेटले. त्यांनी एक लाल फळ हातावर दाबून दाखवले. पातळ गोड गर, आणि आत दोन बिया, सपाट बाजू एकमेकींना लावून बसलेल्या. उन्हाळ्याच्या तोंडाशी पांढरी फुले येतात, फळ पिकायला आठ-नऊ महिने लागतात, आणि एका घोसातली फळेही एकदम पिकत नाहीत. म्हणून त्याच झाडाकडे पुनःपुन्हा येऊन लाल तेवढी हाताने खुडावी लागतात.

"म्हणजे उगीच घाई उपयोगाची नाही," आम्ही वर्गात सांगावे तसे म्हणालो.

"घाई नाही चालत, गुरुजी," ते म्हणाले, "पण पिकल्यावर उशीरही नाही चालत. झाडावरच वाळतं, नाहीतर गळून जातं."

सौ.ने विचारले, "एवढी सावली लागतेच का?"

"लागते, बाई. पण मोठी झाडं मधूनमधून छाटावी लागतात. नाहीतर खालच्याला फूलच धरत नाही."

परतताना सौ. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ऐकलंत ना? सावली देणाऱ्यालाही छाटावं लागतं."

स्वर हलका होता, पण आम्हांला पुढे चालवेना. लग्नापूर्वी ती अचलपूरच्या एका शाळेत मराठी शिकवीत असे. आमच्या दर तीन-चार वर्षांच्या बदल्यांत ती नोकरी सुटली ती सुटलीच. 'घर सांभाळून पुढे बघू' असे आम्ही म्हटले होते. ते 'पुढे' काही आले नाही, आणि ते विचारण्याचेही आम्हांला कधी सुचले नाही.

तिसरा दिवस गाविलगडाचा. १८०३ च्या १५ डिसेंबरला वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोन दिवसांनी नागपूरकर भोसल्यांनी देवगावचा तह केला. होळकरांच्या नगरीतून आलेल्या माणसाला या तटावर आणखी एक गोष्ट बोचते. शिंदे आणि भोसले लढत होते तेव्हा यशवंतराव होळकर युद्धाबाहेर होते. ते इंग्रजांशी लढले, आणि मर्दानगीने लढले, पण १८०४ मध्ये. तोपर्यंत इतरांचे तह होऊन गेले होते. प्रत्येकजण आपल्या सोयीच्या वेळेची वाट पाहत राहिला. इतिहासाचा हा धडा आम्ही कैक वर्षे मुलांना शिकवला. त्यात आपलाही धडा असेल, असे मात्र वाटले नव्हते.

दक्षिणेच्या तटावरून खाली वऱ्हाडचे सपाट रान पसरले होते. सौ. धुक्यात अचलपूर शोधीत उभी होती. गच्चीवरून जो डोंगर ती लहानपणापासून पाहत आली, त्या डोंगरावरून ती आज गच्ची शोधीत होती. सापडली की नाही, हे आम्ही विचारले नाही. शेजारी उभे राहिलो, आणि घड्याळ पाहिले नाही.

चौथ्या दिवशी काहीच केले नाही. सकाळी एका टपरीवर तिथलीच म्हणून दिलेली कॉफी प्यालो. ती कडवट होती, आणि तिच्यात जायफळ नव्हते. दुपारी गवळ्यांकडची रबडी खाल्ली. सराफ्याची आठवण निघाली, पण इंदूरकराने असा निवाडा घरी परतल्यावरच करावा.

येताना पावशेर कॉफी आणली. आता दर रविवारी सकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत गल्लीतली सात-आठ मराठी मुले जमतात. घरी मराठी बोलणारी, पण मराठी पुस्तक अडखळत वाचणारी. सौ. त्यांना वाचायला शिकवते. त्या वेळी घरातल्या मुख्याध्यापकाला बैठकीच्या खोलीत प्रवेश नाही. त्यांच्याकडे स्वयंपाकघर आहे. वर्ग सुटल्यावर कॉफी आम्ही करतो. जायफळ जरा जास्त पडते, अशी बाईंची तक्रार आहे.